जुनं फर्निचर घेताना आधी उलटं करून बघा

घर थोडं रेट्रो करायचंय पण बजेट नाही, तर पुण्यात जुना बाजार आहेच, बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत असाल तर चोर बाजारातली मटण स्ट्रीट, फक्त शुक्रवारी जाऊ नका, तिथली दुकानं बंद असतात. खुर्ची किंवा टीपॉय आवडला की पॉलिशवर भाळायचं नाही, सरळ उलटा करायचा, खालची बाजू कोणी रंगवत नाही त्यामुळे खरं लाकूड तिथेच दिसतं. बारीक भोकं दिसली तर खाली काळा कागद धरून टिचक्या मारा, पिठासारखी ताजी भुकटी पडली म्हणजे भुंगा बहुतेक अजून आत जिवंत आहे, असली वस्तू फुकट मिळाली तरी घरी आणू नका, बाकीच्या लाकडालाही लागेल. वेताचं विणकाम तुटलंय? मग बिनधास्त घ्या, सांगाडा घट्ट असेल तर वेत परत विणून मिळतो आणि भाव पाडायला तेच कारण पुरतं.

पितळेच्या समई-तांब्यासाठी खिशात छोटं लोहचुंबक ठेवा, चिकटलं तर आत लोखंड, वरून नुसता मुलामा. जुना रेडिओ शोभेला मस्त दिसतो, पण वायरमनला दाखवल्याशिवाय प्लग लावायचा नाही हां.

आणि एका खोलीत अशी एकच मोठी वस्तू ठेवा, बाकी साधं, नाहीतर हॉलचं गोडाऊन होतं.