जुन्या पिकअपमध्ये आज किती माल भरावा, हे कसे ठरवावे

दहा-बारा वर्षे वापरलेली पिकअप किती माल वाहते असे विचारले, तर मालक बहुधा पासिंगचा, म्हणजे नोंदणीच्या वेळी मंजूर झालेल्या मालाचा, आकडा सांगतो. पण तो आकडा गाडी नवी असतानाचा असतो. पुढे हौद्यावर लोखंडी पिंजरा चढतो, तळाला जाड पत्रा बसतो, केबिनवर कॅरिअर येते, आणि गाडीचे स्वतःचे वजन जेवढे वाढते तेवढाच मालाचा वाटा घटतो. म्हणून आरसी बुक आणि वजनकाट्याची ताजी पावती असे दोन कागद समोर ठेवूनच हिशोब करावा.

आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन आणि मालासह परवानगी असलेले एकूण वजन, असे दोन आकडे असतात. गाडीत आपण कितीही दुरुस्त्या केल्या तरी त्यांमुळे दुसरा आकडा वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येनुसार रिकाम्या वजनात चालक आणि मदतनीस धरलेले नसतात, त्यामुळे त्या दोघांचे वजन मालाच्या वाट्यातूनच जाते. काट्यावर जाताना डिझेलची टाकी भरलेली असावी, स्टेपनी, जॅक, ताडपत्री आणि दोर गाडीत असावेत, आणि दोघेही केबिनमध्ये बसलेले असतानाच वजन घ्यावे.

समजा, आरसीवर रिकामे वजन १,६०० आणि एकूण वजन २,८०० किलो आहे. कागदावर १,२०० किलो माल बसतो, म्हणजे २४ किलोचा एक याप्रमाणे टोमॅटोचे ५० क्रेट. काट्यावर मात्र तीच गाडी १,८७० किलो भरली, तर उरतात ९३० किलो, म्हणजे ३८ क्रेट. बारा क्रेटचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वजन करणे टाळू नये. बांधकामाच्या मालात तर नजर अधिकच फसते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट वाळू साधारण साडेचार टन भरते. तेव्हा अर्धा ब्रास हौद्यात सहज मावला, तरी दीड टन पासिंगच्या गाडीलाही तो झेपणारा नसतो.

पाटे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, दबून सपाट झाले की एक-दोन जादा पाटे घालून घेण्याची रीत सर्वत्र आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. जादा पाट्यांनी गाडी मागून उचललेली दिसते. परंतु अ‍ॅक्सल, बेअरिंग, चासी, टायर आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात. शिवाय अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असतो, आणि तो चासी व मागचा अ‍ॅक्सल यांमधील अंतरावरून भार ओळखतो. पाटे वाढवल्यामुळे गाडी उंच राहिली, की भरलेली गाडीही त्याला रिकामी भासते आणि तो मागच्या चाकांचा ब्रेक कमी करतो. नाशिकची भाजी घेऊन कसारा घाट उतरणाऱ्या चालकाला याचा परिणाम पहिल्या मोठ्या वळणावरच जाणवेल. म्हणून पाटे बदलायचेच असतील तर मूळ संख्येचे आणि मूळ जाडीचे घालावेत, आणि त्यानंतर व्हॉल्व्हची जोडणी तपासून घ्यावी.

टायरच्या बाजूवर भारनिर्देशांक, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो ते सांगणारा क्रमांक, छापलेला असतो: १०० म्हणजे ८०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो, तेही पूर्ण हवा असताना. तिथेच छापलेल्या निर्मिती क्रमांकाच्या शेवटच्या चार अंकांत टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तयार झाला ते कळते. २३१६ म्हणजे २०१६ मधील तेविसावा आठवडा. पाटे चासीला ज्यात अडकवलेले असतात त्या हँगरजवळ चासीला गंज असेल, तर हिशोब कितीही बरोबर असला तरी दुरुस्ती होईपर्यंत पूर्ण माल भरू नये.

माल भरताना जड वस्तू मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे ठेवाव्यात. दोन अ‍ॅक्सलमध्ये तीन मीटर अंतर असलेल्या गाडीत २०० किलोचे नग मागच्या अ‍ॅक्सलच्या ६० सेंटीमीटर मागे ठेवले, तर पुढच्या चाकांवरचे ४० किलो वजन कमी होते आणि मागच्या चाकांवर २४० किलो वाढते. स्टिअरिंग हलके लागते ते यामुळेच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत. पिंजरा, पत्रा किंवा टाकी यांत काहीही बदल केला, की गाडी पुन्हा काट्यावर न्यावी आणि नवी पावती आरसीसोबत ठेवावी.