वर्डची ~$ फाइल मागे राहिली तर काय करावे?

'वार्षिक अहवाल' नावाची वर्ड फाइल उघडा. त्याच फोल्डरमध्ये '~$र्षिक अहवाल' नावाची एक लपलेली फाइल तयार होते. मूळ नावातली पहिली दोन चिन्हं, म्हणजे व आणि त्याचा काना, जातात आणि त्यांच्या जागी नागमोडी रेघ आणि डॉलर बसतात. नाव अगदी आखूड असेल तर काही न कापता ही चिन्हं पुढे लागतात. एक्सेल तर नेहमीच पूर्ण नाव ठेवतं.

हा व्हायरस नाही. फाइल कोणी उघडली आहे त्याचं नाव तिच्यात असतं, जेणेकरून शेअर फोल्डरमधली तीच फाइल दुसऱ्याने उघडली की त्याला 'अमुक व्यक्ती यात काम करत आहे' असं सांगता यावं. वर्डची ही फाइल साधारण १६२ बाइटची असते. काम संपवून फाइल बंद केली की वर्ड ती स्वतःच पुसून टाकतं. पण मध्येच वीज गेली, वर्ड हँग झालं किंवा पेन ड्राइव्ह तसाच उपटला, की ती मागे राहते. मग आपलीच फाइल 'लॉक आहे' असा संदेश येतो, आणि लॉक करणाराचं नाव बघावं तर तेही आपलंच!

अशा वेळी हे करा:

१. वर्डच्या सगळ्या खिडक्या बंद करा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. तिथे वर्ड अजून दिसत असेल तर त्यावर क्लिक करून 'एंड टास्क' करा. बऱ्याचदा दुखणं इथेच असतं.

२. फाइल शेअर फोल्डरमध्ये असेल तर आधी ऑफिसात विचारून घ्या. कोणी खरंच काम करत असताना ~$ फाइल उडवली, तर दोघंही एकाच वेळी बदल करत बसतात आणि शेवटी सेव्ह करणारा पहिल्याच्या मेहनतीवर पाणी फिरवतो. ही पायरी गाळू नका.

३. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो', मग 'हिडन आयटम्स' निवडा. विंडोज १० मध्ये 'हिडन आयटम्स' हा चौकोन थेट 'व्ह्यू'च्या पट्टीवर आहे.

४. ~$ ने सुरू होणारी, आपल्याच फाइलच्या नावाची फाइल डिलीट करा. 'फाइल वापरात आहे' असं उत्तर आलं तर कुठेतरी वर्ड अजून चालू आहे. आउटलुकमध्ये अटॅचमेंट उघडी आहे का बघा, एक्सप्लोररचं प्रिव्ह्यू पेन बंद करा. तरीही हटत नसेल तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

५. मूळ फाइल पुन्हा उघडा.

या ~$ फाइलचं नाव बदलून आपला गेलेला मजकूर मिळतो का, असं बरेचजण करून बघतात. मिळणार नाही, कारण मजकूर तिच्यात नसतोच. त्यासाठी वर्डमध्ये 'फाइल', 'इन्फो', 'मॅनेज डॉक्युमेंट' आणि 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' या वाटेने जा. ऑटो रिकव्हर मुळात दर १० मिनिटांनी चालतं; 'ऑप्शन्स'मधल्या 'सेव्ह' विभागात ते ५ वर आणून ठेवलेलं बरं.

आता नावाबद्दल. दुकानातून आणलेल्या कॉम्प्युटरवर बहुधा 'ॲडमिन' किंवा 'यूजर' असंच नाव असतं. ऑफिसातल्या सगळ्याच मशीनवर ॲडमिन असेल, तर 'ॲडमिनने फाइल उघडली आहे' या संदेशाचा उपयोग काय? 'फाइल', 'ऑप्शन्स', 'जनरल' इथे जाऊन प्रत्येकाने 'यूजर नेम'मध्ये आपलं खरं नाव टाकावं.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांकडे हेच काम '.~' आणि 'लॉक' यांनी सुरू होऊन # ने संपणारी फाइल करते. ती साधी टेक्स्ट फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडली की नाव, कॉम्प्युटर आणि उघडल्याची तारीख-वेळ वाचता येते. वेळ कालची असेल आणि तो माणूस आज रजेवर असेल, तर ती बेलाशक पुसा. लिनक्समध्ये लपलेल्या फाइली बघायला बहुतेक फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा.