फ्लोरिडात फेलनीनंतर (गंभीर गुन्ह्याच्या शिक्षेनंतर) मतदानाचा हक्क परत मिळवायचाय? आधी निकालपत्र काढा

आपल्याकडे माणूस तुरुंगातून सुटला की मत द्यायला मोकळा. फ्लोरिडात तसं नाही. 2018 मध्ये इथल्या जवळपास 65 टक्के मतदारांनी फ्लोरिडाच्या घटनेतली 'अमेंडमेंट 4' ही दुरुस्ती मंजूर केली, शिक्षा भोगून झालेल्यांना हक्क परत दिला, आणि लगेच 2019 च्या कायद्याने दंड, कोर्टाचा खर्च, नुकसानभरपाई हे सगळं फेडल्याशिवाय शिक्षा संपली असं धरायचं नाही असं ठरवलं.

खून किंवा लैंगिक गुन्हा असेल तर हा रस्ता बंद, क्लेमन्सी बोर्डाकडेच (राज्याच्या माफी मंडळाकडे) अर्ज करावा लागतो. बाकीच्यांनी प्रोबेशन (कोर्टाच्या देखरेखीचा काळ), परोल संपल्याचे कागद काढून ठेवा.

आता पैसे. "कोर्टाच्या वेबसाइटवर बॅलन्स बघा आणि भरून टाका" असं जो तो सांगतो, कृपा करून ऐकू नका. मीही सुरुवातीला एका गृहस्थांना हेच सांगितलं होतं. स्क्रीनवर 1,120 डॉलर, ते बिचारे महिन्याला पन्नास-पन्नास भरायला तयार झाले. मग जुनं निकालपत्र मागवलं तर त्यात न्यायाधीशांनी लिहिलेला आकडा 800, वरचे 320 वसुली एजन्सीचे! एजन्सी 40 टक्क्यांपर्यंत लावू शकते, पण मतदानासाठी ते धरायचेच नाहीत, शिक्षेत कोर्टाने जेवढं लिहिलं तेवढंच, नंतर चढलेलं काही नाही.

म्हणून ज्या ज्या काउंटीत (जिल्ह्यात) शिक्षा झाली तिथल्या क्लर्क ऑफ कोर्टकडून, म्हणजे कोर्टाचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाकडून, निकालपत्राची प्रत आणि भरलेल्या पैशांचा हिशोब दोन्ही मागा, सगळ्या काउंट्यांचं मिळून एकच रजिस्टर कुठेही नाही. थकबाकी दिवाणी बोजात (तुमच्या नावावरच्या साध्या कर्जासारख्या देण्यात) बदलली असेल तर ती फिटली असं होत नाही, इथे खूप जण फसतात. पैसे नसतील तर कोर्टाकडे अर्ज करा, न्यायाधीश ती रक्कम समाजसेवेच्या तासांत बदलू शकतात.

तरी शंका असेल तर राज्याच्या निवडणूक विभागाकडून लेखी मत मागवा, तोंडी "चालेल" वर जाऊ नका. मतदार कार्ड घरी आलं म्हणजे हक्क मिळाला असंही नाही, ऑगस्ट 2022 मध्ये अपात्र असताना मत दिलं म्हणून 20 जणांना अटक झाली आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडे कार्ड होतं.

सगळं जुळलं की ऑनलाइन नोंदणी, निवडणुकीच्या किमान 29 दिवस आधी.