एक्सेलमधली सोसायटीची यादी जीमेलमध्ये कशी चढवायची

प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीकडे एक एक्सेल शीट असतेच. कुणीतरी फार पूर्वी बनवलेली, मग दर कमिटीने आपापल्या पद्धतीने भर घातलेली, कुठे आडनाव आधी, कुठे नाव आधी, एका खान्यात दोन-दोन मोबाईल नंबर, आणि सगळ्यात वर मर्ज करून ठळक अक्षरात सोसायटीचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर. आता एजीएम (वार्षिक सर्वसाधारण सभा) ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी जायला हवी, आणि दर वेळी त्या शीटमधून एकेक पत्ता कॉपी-पेस्ट करत बसायचं म्हणजे डोक्याला ताप. एकदाच बसून ती यादी जीमेलच्या कॉन्टॅक्ट्समध्ये घेतली की काम संपतं. इम्पोर्टचं बटण दाबायला दोन मिनिटं पुरतात, खरा वेळ जातो तो शीट साफ करण्यात, त्यामुळे खाली निम्म्याहून जास्त मजकूर त्याच्यावरच आहे, कंटाळू नका.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा, ही यादी कुठल्या अकाउंटमध्ये जाणार. स्वतःच्या पर्सनल जीमेलमध्ये अजिबात घेऊ नका. तुमच्या अँड्रॉइड फोनवर तेच अकाउंट सिंक असेल तर रात्रीतून अख्खी सोसायटी तुमच्या फोनमध्ये येते, मग व्हॉट्सअॅप उघडलं की नवा मेसेज पाठवायच्या यादीत सगळ्या विंगचे लोक, आणि शाळेतला मित्र शोधताना त्याच नावाचे चार शेजारी आधी दिसतात. सोसायटीच्या नावाने वेगळं जीमेल काढा. उद्या कमिटी बदलली तर पासवर्ड दिला, रिकव्हरीचा नंबर बदलला की झालं, यादी सोसायटीकडेच राहते.

आता मूळ फाईलची एक कॉपी काढा आणि जे काय करायचं ते कॉपीवर करा. कॉपीत वरची शोभेची ओळ उडवा, मर्ज केलेले सेल अनमर्ज करा, मधल्या रिकाम्या ओळी आणि "बी विंग" असं लिहिलेल्या आडव्या पट्ट्या काढून टाका. पहिल्या ओळीत कॉलमची नावं, दुसऱ्या ओळीपासून माणसं, बाकी काही नको.

नावं मराठीत असतील तर

आधी एक छोटी टेस्ट करा. नावांचा कॉलम सिलेक्ट करून फॉन्ट मंगल किंवा निर्मला यूआय करा. नावं होती तशीच मराठीत दिसली तर यादी युनिकोडमध्ये आहे, म्हणजे फॉन्ट बदलला तरी अक्षरं मराठीच राहतात त्या पद्धतीत, पुढे चला. पण एकदम इंग्रजी अक्षरं, कंस, टोप्या, असला काला दिसायला लागला तर यादी जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली आहे, श्रीलिपी, कृतीदेव किंवा त्यांच्यासारखा दुसरा एखादा. आपल्याकडे डीटीपीवाल्याकडून किंवा जुन्या क्लार्ककडून आलेल्या याद्या हमखास अशा निघतात. या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या दृष्टीने आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. जीमेलकडे तो फॉन्ट जात नाही, नुसती अक्षरं जातात, म्हणून तिथे कचरा दिसतो. इम्पोर्ट कितीही वेळा केलं तरी तो सुधारत नाही, कारण गडबड शीटमध्येच आहे.

यावर उपाय म्हणजे कन्व्हर्टर. नेटवर फुकट मिळतात, पण फॉन्ट कुठला आहे ते आधी बघून त्याच फॉन्टचा घ्या, कृतीदेवच्या कन्व्हर्टरमध्ये श्रीलिपी टाकली तर एका काल्याचा दुसरा काला होतो. आणि तिऱ्हाईत साईटवर फक्त नावांचा कॉलम पेस्ट करा, फोन आणि ईमेल सोबत देऊ नका. कन्व्हर्ट झाल्यावर गोऱ्हे, कुऱ्हाडे, म्हात्रे, शिर्के, क्षीरसागर असली नावं मुद्दाम शोधून बघा, जोडाक्षरं आणि रफार इथेच घसरतात. बाकीची पाटील-जाधव मंडळी बहुतेक सरळ येतात.

नाव-मधलं नाव-आडनाव असे तीन कॉलम करायच्या भानगडीत पडायची गरज नाही. स्पेसवरून तुकडे पाडले की "सौ." एका कॉलमात, "डॉ." दुसऱ्यात, आणि ज्यांनी वडिलांचं नाव लिहिलेलं नाही त्यांचं आडनाव मधल्या खान्यात. पूर्ण नाव एकाच कॉलमात ठेवा, चालतं. एक मात्र लक्षात घ्या, तुम्ही कॉन्टॅक्टला जे नाव देता तेच मेलमध्ये पत्त्याबरोबर समोरच्याला दिसतं. त्यामुळे "बी-७०४ थकबाकीवाले" असली नावं फोनमध्ये ठेवायची सवय असेल तर ती इथे आणू नका. फ्लॅट नंबर वेगळ्या कॉलमात ठेवा, आपण तो पुढे कंपनीच्या नावाच्या रकान्यात टाकणार आहोत, म्हणजे सर्च केल्यावर सापडतो.

फ्लॅट नंबरचीही एक गंमत आहे. नुसतं १-२ किंवा ३/४ असं टाईप केलं की एक्सेल त्याची तारीख करतं, मग पहिल्या विंगच्या दुसऱ्या फ्लॅटचं फेब्रुवारी होऊन जातं. कॉलम आधी टेक्स्ट फॉरमॅट करा आणि मगच नंबर टाईप करा. तारीख झालेले सेल नंतर टेक्स्ट करून भागत नाही, पाच आकडी भलतीच संख्या येते, ते हातानेच परत लिहावे लागतात.

फोन नंबर, म्हणजे खरी डोकेदुखी

एक्सेलला फोन नंबर म्हणजे एक मोठी संख्या वाटते. म्हणून पुण्याच्या लँडलाईनचा ०२० मधला पुढचा शून्य खातं, +९१ मधलं प्लस खातं, आणि ९१ धरून १२ आकडे झाले की सरळ ९.१९८ई+११ असं काहीतरी दाखवायला लागतं. पुढे जीमेलला द्यायची सीएसव्ही (रकाने कॉमाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाईल) बनवताना जे दिसतंय तेच फाईलमध्ये जातं, म्हणजे नंबर कायमचा गेला. असं दिसत असेल तर तो कॉलम सिलेक्ट करून फॉरमॅट सेल्समध्ये नंबर करा आणि डेसिमल शून्य ठेवा, पूर्ण आकडे परत दिसतील.

मग साफसफाई. एका खान्यात स्लॅश देऊन दोन नंबर असतील तर सगळ्यात आधी डेटा मेनूतल्या टेक्स्ट टू कॉलम्सने ते वेगळे करा, त्यासाठी शेजारी एक रिकामा कॉलम ठेवायला विसरू नका, नाहीतर शेजारचा ईमेल पुसला जातो. मग नंबरचे कॉलम सिलेक्ट करून कंट्रोल एच, स्पेस शोधा आणि बदली काहीच नको, मग डॅशसाठी तेच. कुणी नंबर मराठी आकड्यांत लिहिले असतील तर १ ते ० प्रत्येकाला इंग्रजी आकड्याने बदला, दहा वेळा करावं लागतं, पण कॉलम सिलेक्ट केलेला असू दे नाहीतर नावापत्त्यातलेही बदलतील. आता शेजारच्या रिकाम्या कॉलमात एक छोटा फॉर्म्युला: बरोबरचं चिन्ह, डबल कोट्समध्ये +९१, मग & आणि राईट फंक्शनने मोबाईल नंबरचे शेवटचे १० आकडे. खालपर्यंत ओढा. मग तो कॉलम कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज म्हणून परत तिथेच पेस्ट करा, त्यानंतरच जुना कॉलम डिलीट करा, उलट केलंत तर सगळीकडे एरर. लँडलाईन असतील तर त्यांनाही हाच फॉर्म्युला चालतो, कारण एसटीडी कोडचा शून्य सोडला तर आपल्याकडे तेही दहाच आकडे होतात. परदेशात राहणारे सभासद असतील तर त्यांच्या ओळी मात्र हाताने करा.

ईमेलच्या कॉलमाला फिल्टर लावा आणि ज्यात @ नाही ते सेल काढा, "नाही", "मुलाला विचारणे", "नंतर देतो" असले शेरे तिथे सापडतील. मग डॉटच्या जागी कॉमा, जीमेल डॉट कॉमऐवजी कॉन, पत्त्याच्या शेवटी चिकटलेली स्पेस. स्पेससाठी ट्रिम फंक्शन आहे. बाकीचं डोळ्यांनी, दुसरा मार्ग नाही. शेवटी रिमूव्ह डुप्लिकेट्स चालवा पण फक्त ईमेलच्या कॉलमावर टिक ठेवून, आणि त्याआधी ज्यांचा ईमेलच नाही अशा ओळी वेगळ्या शीटवर हलवा, नाहीतर सगळे रिकामे खाने एकमेकांचे डुप्लिकेट समजून एक सोडून बाकीची माणसं गायब होतात.

आणि हो, नवरा-बायको दोघांनाही नोटीस जायला हवी असेल तर दोघांच्या दोन ओळी करा. एकाच कॉन्टॅक्टमध्ये दोन ईमेल ठेवले तर ग्रुपला मेल टाकताना जीमेल त्यातला एकच पत्ता उचलतं.

हेडिंगं टाईप करू नका, उचला

पहिल्या ओळीतली कॉलमची नावं गूगलला हवी तशीच असावी लागतात, स्पेस आणि डॅशसकट, आणि इंग्रजीतच. "मोबाईल नं." गूगलला कळत नाही. लोक इथे फसतात. त्यापेक्षा सोपा रस्ता असा की कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये कॉन्टॅक्ट्स डॉट गूगल डॉट कॉम उघडा, सोसायटीच्या अकाउंटने लॉगिन करा आणि एक खोटा कॉन्टॅक्ट हाताने बनवा, नाव, कंपनी, ईमेल, मोबाईल सगळं भरून. त्याच्यावर टिक करून एक्सपोर्ट, प्रकार गूगल सीएसव्ही. ती फाईल एक्सेलमध्ये उघडली की वर सगळी हेडिंगं तयार आणि खाली तुमचा खोटा माणूस, म्हणजे कुठला मजकूर कुठल्या रकान्यात जातो ते समोरच दिसतं. तुमचे कॉलम त्या-त्या हेडिंगखाली पेस्ट करा, फोनच्या रकान्यांना आधी टेक्स्ट फॉरमॅट देऊन. पूर्ण नाव फर्स्ट नेमच्या खाली. खोटा माणूस काढून टाका, तिकडे कॉन्टॅक्ट्समधूनही.

सेव्ह आणि इम्पोर्ट

सेव्ह अॅजमध्ये सीएसव्हीचे दोन-तीन प्रकार दिसतील. सीएसव्ही यूटीएफ-८ असं लिहिलेलाच निवडा. साधा सीएसव्ही घेतला तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. जुन्या एक्सेलमध्ये, म्हणजे २००७, २०१०, २०१३ वगैरे, हा पर्यायच नाही, तेव्हा शीट गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल शीट्समध्ये उघडा आणि तिथून सीएसव्ही डाउनलोड करा, ते आपोआप यूटीएफ-८ असतं. सीएसव्हीमध्ये एकच शीट जाते, ए विंग आणि बी विंग वेगवेगळ्या टॅबवर असतील तर आधी एकाखाली एक आणा.

सेव्ह झालेली सीएसव्ही परत डबलक्लिक करून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, फोन नंबरचा प्लस परत गेलाच म्हणून समजा. बघायचीच असेल तर नोटपॅडमध्ये उघडा, आणि फक्त बघा, कारण पत्त्यातला एखादा कॉमा इकडचा तिकडे झाला तर त्या ओळीचे सगळे रकाने सरकतात.

आता कॉन्टॅक्ट्सच्या पानावर इम्पोर्ट, फाईल निवडा, झालं. एका वेळी ३,००० नावांपर्यंत चालतं, सोसायटीला पुरून उरतं. पण पहिल्यांदा चार-पाच ओळींची फाईल करून बघा. नाव नावाच्या जागी, नंबर नंबरच्या जागी आला की मग पूर्ण फाईल. हे मोबाईलवरच्या अॅपमधून करायला जाऊ नका, तिथे सीएसव्ही घेत नाही.

इम्पोर्ट झालं की गूगल स्वतःच त्या तारखेचं एक लेबल बनवून सगळी नावं त्यात टाकतं. त्याचं नाव बदलून "सभासद" वगैरे करा. चार-पाच ओळींची जी ट्रायल केली ती नावं आधी डिलीट करायला विसरू नका, नाहीतर डबल होतील. आणि सगळंच बिघडलं तर वरच्या गिअरच्या चिन्हात बदल मागे घ्यायची सोय आहे, दहा मिनिटांपूर्वीची किंवा कालची स्थिती परत आणता येते, ३० दिवसांपर्यंत मागे जाता येतं.

मेल पाठवताना लेबलचं नाव बीसीसीमध्ये टाका, टू मध्ये स्वतःचाच पत्ता. टू मध्ये सगळे टाकले तर प्रत्येकाला प्रत्येकाचा ईमेल दिसतो, आणि मग एकाने पार्किंगवरून रिप्लाय ऑल केला की पुढचे दोन दिवस नोटीस बाजूला राहते. फुकटच्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल जातो, त्याच्यावर गेलात तर काही तास, फार तर एक दिवस, पाठवणं बंद होतं. मोठी सोसायटी असेल तर विंगवार लेबलं करून दोन दिवसांत पाठवा.

जीमेल नको असेल, थंडरबर्ड हा कॉम्प्युटरवरचा ईमेल प्रोग्राम वापरत असाल, तर हेडिंगांची एवढी कटकट नाही. टूल्समधल्या इम्पोर्टमध्ये अॅड्रेस बुक निवडून तीच सीएसव्ही द्या, पुढे एक खिडकी येते त्यात कुठला कॉलम कुठल्या रकान्यात जाईल ते तुम्हीच जुळवायचं, आणि पहिली ओळ हेडिंगची आहे ही टिक बघून घ्या. कॉम्प्युटरवरच्या जुन्या आउटलुकमध्ये फाईल, मग ओपन अँड एक्सपोर्ट, मग इम्पोर्ट, तिथेही मॅप कस्टम फिल्ड्स नावाने हीच जुळवाजुळव आहे. पण मराठी नावांच्या बाबतीत आउटलुकवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आधी दोन नावं टाकून बघा.

पहिला मेल गेला की काही पत्ते परत येतीलच, मेलर डीमनकडून, म्हणजे मेल पोचला नाही असं कळवणाऱ्या आपोआप उत्तरातून. ते दुरुस्त करताना दर वेळी अख्खी शीट परत इम्पोर्ट करू नका, नावं डबल होतात आणि मग मर्ज अँड फिक्समध्ये बसून एकेक जुळवत बसावं लागतं. बदल सरळ कॉन्टॅक्ट्समध्ये करा, आणि वर्षातून एकदा तिथून एक्सपोर्ट करून ती फाईल सोसायटीच्या रेकॉर्डला ठेवा. मधल्या काळात डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये साठलेल्या सीएसव्ही डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही, खासकरून सोसायटी ऑफिसचा कॉम्प्युटर सगळेच वापरत असतील तर.