परतीच्या वाटेवरचे पाणटिवळे

उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात पक्षी पाहिलेल्या नवख्यांनी मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा त्याच काठावर जावे, असे मी आवर्जून सांगते. मात्र डिसेंबरमध्ये पाठ केलेले कित्येक पक्षी तेव्हा ओळखू येणार नाहीत.

पाणी ओसरले की कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला चिखलपट्टे उघडे पडतात आणि उत्तरेकडे निघालेले पाणपक्षी लांबच्या उड्डाणासाठी अंगावर चरबी साठवत तेथे चरत राहतात. याच दिवसांत त्यांची पिसे बदलतात, आणि माझी फसगत नेमकी तेथे झाली. विटकरी मानेचा, लांब सरळ चोचीचा एक पक्षी मला एप्रिलमध्ये दिसला. हिवाळ्यातला काळ्या शेपटीचा पाणटिवळा (गॉडविट, चिखलात चोच खुपसून चरणारा पाणपक्षी) राखी-तपकिरी असतो, तेव्हा हा त्याचा भाऊबंद, पट्टेरी शेपटीचा पाणटिवळाच असणार, असे मानून मी तशी नोंद केली. तो मुख्यतः समुद्रकिनाऱ्यावरचा पक्षी आहे हे ठाऊक असूनही दुर्मीळ नोंदीच्या मोहाने मी ते बाजूला सारले. तो पिसे बदललेला काळ्या शेपटीचाच होता; नोंद नाकारली गेली, आणि पुढचे कित्येक महिने मला वही उघडण्याचा धीर झाला नाही.

रंगावर विसंबू नका. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याच्या पंखांवरचा रुंद पांढरा पट्टा आणि शेपटीच्या टोकाची काळी पट्टी कोणत्याही ऋतूत, उडताना स्पष्ट दिसते. दुसऱ्याच्या, म्हणजे पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याच्या, पंखांवर असा ठळक पट्टा नसतो. बसलेल्या पक्ष्याचे पोट पाहा: पहिल्याचा तांबूस रंग छातीपाशी संपून पुढे पांढऱ्यावर गडद आडवे पट्टे येतात, तर दुसऱ्याच्या नराचा विटकरी रंग थेट शेपटीखालपर्यंत जातो. पंख पाहण्यासाठी होडी थव्यात घालायला मात्र नावाड्याला कधीही सांगू नका. साठवलेली चरबी तुमच्या उतावळेपणापायी खर्च होते. थांबा, पक्षी आपणहून उडतात.

छायाचित्रावरून नाव सांगणारे ॲप पहिल्या वर्षी वापरू नये आणि क्षणात नाव सांगून मोकळ्या होणाऱ्या ज्येष्ठांपासूनही थोडे दूरच राहावे, असे माझे ठाम मत आहे. मला खरे शिकवले ते एका नावाडीकाकांनी, जे नाव सांगण्याआधी पक्षी चोच कशी खुपसतो ते पाहायला लावत.

चुका होतील, त्यांना घाबरू नका. मोठा थवा शोधा आणि ऊन चढून हवा थरथरू लागण्यापूर्वी त्याच्यासमोर तासभर बसा. राखी, अर्धवट रंगलेले आणि पूर्ण विटकरी पाणटिवळे तेथे शेजारीशेजारी चरताना दिसतील.