जर्मन पदकपट्टीचा मूळ मालक कसा शोधायचा

आमच्या साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश पदकं अजून जपून ठेवलेली सापडतात. त्यांच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, त्यामुळे माणूस लगेच कळतो. जर्मन पदकांवर सहसा नाव नसतं. तरीही कार्ल्सरूहला राहायला आल्यापासून मी जर्मन साम्राज्याच्या काळातल्या पदकपट्ट्यांचे (एका पिनेवर ओळीने शिवलेल्या पदकांचे) धनी शोधत आलोय, आणि हे काम जमतं. एकटं पदक काहीच सांगत नाही. पण एकाच पिनेवर शिवलेली सहा-सात पदकं एखाद्याच माणसाला लागू पडतात.

म्हणून पहिला नियम: पट्टी उसवू नका. एकही पदक सुटं करू नका, कापड धुऊ नका, धातूला पॉलिश लावू नका. पुढून-मागून चांगल्या उजेडात फोटो काढा. मागच्या कापडावर सोनाराचा किंवा दुकानाचा कागदी शिक्का असेल तर शहराचा धागा मिळतो. मग शिवण बघा. सगळीकडे एकच दोरा आहे का? प्रत्येक पदकाखालच्या फितीवर त्याच पदकाचा दाब उमटलाय का? अतिनील दिव्याखाली दोरा किंवा फीत पांढरी-निळी चमकली, तर त्यात बहुधा अलीकडचा माल आहे. सुटी पदकं जोडून बनवलेल्या पट्ट्या बाजारात पुष्कळ येतात, आणि अशा पट्टीचा मालक शोधणं म्हणजे कधी नसलेल्या माणसाचा शोध घेणं.

आता वाचन. समोरून पाहताना डावीकडून सुरुवात करा. साम्राज्यात 25 राज्यं होती आणि प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग, बाडेन यांपासून छोट्या संस्थानांपर्यंत बहुतेकांची स्वतःची सन्मानचिन्हं होती. साधारणपणे आपल्या राज्याची आधी, मग इतर जर्मन राज्यांची आणि शेवटी परदेशी, असा क्रम असतो. 1914 चा आयर्न क्रॉस मात्र बऱ्याचदा सर्वांत पुढे येतो. त्याची फीत काळी आणि कडेला पांढरे पट्टे असतील तर तो लढणाऱ्याला मिळालेला. रंग उलटे असतील तर न लढणाऱ्याला.

एक पट्टी उदाहरणादाखल घेतो. तिच्यावर होतं: लढणाऱ्याच्या फितीवरचा आयर्न क्रॉस, प्रशियाच्या रेड ईगल ऑर्डरचा चौथा वर्ग, अधिकाऱ्यांचा 25 वर्षांच्या सेवेचा क्रॉस, ब्राँझचं चीन पदक, सम्राट पहिल्या विल्हेल्मच्या जन्मशताब्दीचं 1897 चं पदक, बाडेनचा त्सेरिंगर लायन (हिरवी फीत, नारिंगी कड) आणि शेवटी स्वीडनचा ऑर्डर ऑफ द सोर्ड.

प्रत्येक पदक शोधाचं वर्तुळ लहान करतं. शताब्दी पदक म्हणजे 22 मार्च 1897 ला हा सेवेत होता. ब्राँझचं चीन पदक म्हणजे 1900-01 च्या चीनमधल्या मोहिमेत तो प्रत्यक्ष लढणाऱ्यांत होता. इतरांना पोलादाचं मिळे. 25 वर्षांच्या क्रॉसवरून भरतीचा काळ कळतो, पण जपून, कारण युद्धाची वर्षं दुप्पट मोजली जात. प्रशियाच्या अधिकाऱ्याकडे बाडेनचं चिन्ह दिसलं, की त्याची नेमणूक बाडेनची राजधानी कार्ल्सरूह इथल्या चौदाव्या आर्मी कोअरमध्ये झाली असावी. आणि स्वीडन? ही माझी आवडती खूण. स्वीडनची राणी व्हिक्टोरिया बाडेनच्या ग्रँड ड्यूकची मुलगी होती. राजघराण्याच्या माहेरभेटी व्हायच्या आणि सेवेतल्या स्थानिक अधिकाऱ्यांना स्वीडिश सन्मान मिळायचे. म्हणून मी आधी कार्ल्सरूहच्याच पलटणी उघडल्या: 109 वी लाइब-ग्रेनेडियर (पायदळ) आणि 20 वी लाइब-ड्रॅगून (घोडदळ).

उघडल्या म्हणजे रांगलिस्टमध्ये. प्रशियाच्या सैन्याची ही अधिकारी-यादी दरवर्षी छापली जाई आणि तीत नावाशेजारी सन्मानचिन्हं छोट्या खुणांनी दिलेली असत. 1914 चा अंक त्या वर्षीच्या 6 मेची स्थिती दाखवतो, आणि आपल्या कामाला तो सर्वांत उपयोगी. बव्हेरिया, सॅक्सनी आणि नौदलाच्या याद्या वेगळ्या आहेत. आधी खुणांचा तक्ता पाठ करा, मग पलटण घेऊन एकेक ओळ तपासा. गॉथिक छपाईला डोळे सरावायला वेळ लागतो. पुण्यात जर्मन शिकलेल्यांनीही या अक्षरांचा वेगळा सराव करावा.

माझ्या पट्टीसाठी दोन नावं उरली. इथे पट्टीवर काय नाही, हे कामी येतं. एकाकडे 1914 आधीच पट्टीवर लावायचं आणखी एक चिन्ह होतं, ते इथे नव्हतं, तो बाद. मात्र गळ्यात घालायचे ऑर्डर आणि छातीला पिनेने लावायचा आयर्न क्रॉसचा पहिला वर्ग पट्टीवर येतच नाहीत, आणि वरचा वर्ग मिळाला की खालचा बहुधा परत करावा लागे. तेवढ्यावरून कुणाला वगळू नका.

युद्धकाळातल्या सन्मानांसाठी ही यादी पुरत नाही. तिथे 1926 ची एहरेन-रांगलिस्ट (जुन्या सैन्यातल्या अधिकाऱ्यांची सन्मान-यादी), मिलिटेर-वोखनब्लाट या लष्करी साप्ताहिकाचे जुने अंक आणि वंशावळ अभ्यासकांनी डिजिटल केलेल्या हताहतांच्या याद्या मदतीला येतात. पट्टीवर 1934 चा हिंडेनबुर्ग क्रॉस (पहिल्या महायुद्धातल्या सेवेसाठी नंतर दिलेला) असेल तर ती त्यानंतर शिवली गेली, आणि माणूस तोवर बहुधा हयात होता.

मूळ फाइल बघायची तर राज्यानुसार वाट बदलते. प्रशियाचं सेना-अभिलेखागार पोट्सडॅमला 14 एप्रिल 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, आणि बहुतेक व्यक्तिगत फाइली गेल्या. बव्हेरियाच्या म्युनिकला, सॅक्सनीच्या ड्रेस्डेनला, व्युर्टेम्बर्गच्या श्टुटगार्टला आणि बाडेनच्या कार्ल्सरूहला बऱ्याच शाबूत आहेत. म्हणून बव्हेरियन पट्टीबाबत आशा अधिक धरा. साध्या शिपायाच्या पट्टीसाठी मात्र सोबतची कागदपत्रं किंवा बव्हेरियाच्या सुवर्ण शौर्य पदकासारखा दुर्मीळ सन्मान नसेल, तर नाव मिळणं फार अवघड. तिला ओढूनताणून नाव चिकटवू नका.

नाझी काळातली पदकं पट्टीवर असतील तर जर्मनीत स्वस्तिक उघडपणे दाखवण्याला कायद्याने मनाई आहे. फोटो टाकताना तो भाग झाका.

शेवटी एक चिठ्ठी लिहा: कोणत्या वर्षीची यादी, कोणतं पान, कोण कशावरून बाद झालं, आणि उरलेलं नाव ‘खात्रीचं’ की ‘शक्य’. चिठ्ठी पट्टीला टाचू नका, डबीत ठेवा. पट्टी विकली किंवा भेट दिली, तर चिठ्ठीही सोबत द्या.