मृगात जनावर दगावलं, तर खड्डा खणण्याआधी कारण शोधा

"डॉक्टर, पान लागलं हो. रात्री चांगली वैरण खाल्ली होती, सकाळी बघतो तर कालवड पाय ताणून पडलेली."

पान लागलं म्हणजे साप चावला. मृगाचे दोन पाऊस झाले की असे फोन सुरू होतात. पावसाळ्यात साप निघतात, सर्पदंशाने जनावरं मरतातही. पण 'पान लागलं' म्हणून कळवलेली जी जनावरं मी उघडून पाहिली, त्यांत खरोखर सापाने गेलेली फार थोडी होती. बाकीची ज्या रोगांनी गेली, त्यांतल्या बहुतेकांवर लस आहे. जनावर गेल्याचं वाईट वाटतंच. त्याहून जास्त वाईट वाटतं ते कारण न कळता ते मातीआड गेलं की, कारण चार दिवसांनी त्याच दावणीचं दुसरं जनावर जातं.

एका वस्तीवरची गोष्ट सांगतो. पहिली कालवड गेली, सर्पदंश समजून पुरली. तिसऱ्या दिवशी एक खोंड गेला, तोही पुरला. आणखी दोन दिवसांनी दुसरी कालवड गेली तेव्हा मला बोलावलं. तिन्ही जनावरं दोन वर्षांच्या आतली आणि कळपातली सगळ्यांत अंगाने भरलेली. मेलेल्या कालवडीची उजवी मांडी फुगली होती. हाताने दाबली की कातडीखाली वाळकं पाचट चुरगाळल्यासारखा चरचर आवाज यायचा. कापण्याआधी कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जंतू नाहीत याची खात्री झाल्यावरच सुरी लावली. मांडीचं मांस काळपट लाल आणि कोरडं होतं. त्यात हवेचे बुडबुडे होते आणि खवट लोण्यासारखा वास येत होता. हा फऱ्या, काही भागांत याला एकटांग्या म्हणतात. त्याच संध्याकाळी उरलेल्या सगळ्या जनावरांचा ताप मोजला. ज्यांना ताप होता त्यांना पेनिसिलिन दिलं आणि बाकीच्यांना लस टोचली. त्यानंतर त्या गोठ्यात एकही जनावर गेलं नाही. पहिल्याच कालवडीच्या वेळी फोन आला असता तर पुढची दोन बहुधा वाचली असती, हे मला आजही सलतं.

आता हे रोग नेमके जूनमध्येच का उठतात ते पाहू. फऱ्या आणि काळपुळी या दोन्हींचे जंतू बीजाणू करून, म्हणजे कडक कवचात झोपून, जमिनीत राहतात. काळपुळीचे बीजाणू तर कित्येक दशकं टिकतात. पहिल्या जोरदार पावसाने माती उसळते, नाल्याकाठचा गाळ वर येतो आणि कोवळं गवत जनावर मुळासकट, मातीसकट ओढून खातं. घटसर्प या गुरांच्या घशाच्या रोगाचं थोडं वेगळं आहे. त्याचे जंतू काही धडधाकट जनावरांच्या घशातच दबा धरून असतात. उन्हाळ्याच्या उपासमारीने थकलेलं जनावर पावसात भिजलं, गोठ्यात चिखल झाला, त्यातच औताला जुंपलं की ते उसळी घेतात. म्हशी आणि पारडी त्यात सगळ्यांत आधी सापडतात. १०५ ते १०७ अंश फॅरनहाइट ताप, घशाखाली सूज, घुरघुर, आणि बऱ्याचदा दिवसभरात खेळ खलास. अशा म्हशीचा घसा उघडला की सुजेतून पिवळसर, चिकट पाणी निघतं आणि हृदयावर लाल टिपके दिसतात.

एका बाबतीत मात्र सुरी लावायची नाही

नाकातून, तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येतंय, मेल्यावरही अंग नीट ताठरलेलं नाही आणि पोट भराभर फुगतंय, असं दिसलं तर ती काळपुळी आहे असंच धरून चाला. तिला फाशीही म्हणतात. अशा जनावराला कापायचं नाही, सोलायचं नाही आणि मांस तर कोणी घ्यायचंच नाही. बंद शरीरात हे जंतू कुजताना मरत जातात. शरीर उघडलं आणि त्यांना हवा लागली की ते बीजाणू होतात, आणि तुमचं वावर पुढच्या पिढीपर्यंत धोक्याचं होतं. कातडं काढायला येणाऱ्या माणसालाही स्पष्ट सांगा, त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. माणसाच्या हातावर या रोगाची न दुखणारी पुळी येते आणि मधोमध काळी खपली धरते, त्यावरूनच हे नाव पडलं. दुखत नाही म्हणून अंगावर काढू नका. वेळेवर औषध घेतलं तर ती बरी होते.

इथे घोणस आणि काळपुळी यांची गल्लत होते, हे मुद्दाम सांगतो. घोणस चावली तरी रक्त गोठत नाही, सूज येते, रक्त गळतं. डोळ्यांनी पाहून दोन्हींत फरक करणं अनुभवी डॉक्टरलाही जोखमीचं असतं. म्हणून कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब आणि एक काचपट्टी लागते. ते काम डॉक्टरांनी हातमोजे घालून करायचं, तुम्ही नाही.

पहिल्या दोन-तीन तासांत काय करायचं

बाकीची जनावरं तिथून हलवा. चारा-पाणी वेगळं द्या. मेलेल्या जनावराखालचं भिजलेलं गवत किंवा माती दुसऱ्या गव्हाणीत जाऊ देऊ नका. जनावर सावलीत राहील असं बघा, वर ओलं पोतं टाका, कुत्री जवळ येऊ देऊ नका. मग जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. फोनवर नुसतं 'जनावर मेलं' असं सांगू नका. वय किती, गाभण होतं का, काल काय खाल्लं, कुठे चरलं, लस कधी टोचली आणि गावात आणखी कुणाचं गेलंय का, एवढं सांगा. अर्धं निदान तिथेच होतं.

वेळ फार महत्त्वाची आहे. जूनच्या दमट उकाड्यात मोठं जनावर सहा-आठ तासांत आतून इतकं बिघडतं की खरा रोग आणि नुसतं कुजणं यांत फरक राहत नाही. शवविच्छेदन उजेडीच करावं लागतं, कारण यकृताचा, फुफ्फुसाचा खरा रंग बॅटरीच्या प्रकाशात कळत नाही. रात्री उशिरा गेलेलं जनावर सकाळी लवकर दाखवा. 'दुपारी निवांत बघू' म्हणालात तर हाती काही लागत नाही.

आत काय दिसतं

शेतकऱ्याने शेजारी उभं राहून हे पाहावं, असं मी नेहमी सांगतो. एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही. महिनाभर आटत गेलेली, छातीखाली सूज आलेली, औषधांना दाद न देणारी म्हैस उघडली. हृदयाभोवतीची पिशवी जाड झालेली होती, आत दुर्गंधी पू होता. पिशवी ओढून सोडवली तेव्हा दोन भाकऱ्यांमध्ये लोणी दाबून त्या ओढाव्यात तसा खडबडीत थर दिसला. त्यातून बोटभर लांबीची तार निघाली. कडब्याच्या पेंढीची बांधतार कुट्टीत गेली आणि जाळीपोटातून पडदा भेदून हृदयापर्यंत पोहोचली. त्या दिवसापासून त्या घरात कुट्टी यंत्राशेजारी लोहचुंबक टांगलेला आहे.

पोटफुगीने गेलं की मेल्यानंतर फुगलं, हाही नेहमीचा वाद. अन्ननलिका लांबीने उघडली की उत्तर मिळतं. जिवंतपणी फुगून गेलं असेल तर मानेतला भाग लालभडक आणि छातीतला भाग फिकट दिसतो, मध्ये रेघ ओढल्यासारखी सीमा असते. संकरित वासराच्या चौथ्या पोटात ठशाने पाडल्यासारखे गोल व्रण आणि सुजलेल्या गाठी दिसल्या की गोचीड तापाकडे बोट जातं, आणि मग गोठ्याच्या भिंतींच्या फटी बघाव्या लागतात. उन्हाळी ज्वारी कापलेल्या रानात पावसानंतर गुडघ्याखालचे कोवळे फुटवे येतात. ते खाऊन त्यांतल्या सायनाइडच्या विषाने जनावर तडफडून गेलं असेल तर रक्त चेरीसारखं लाल दिसतं. जिवंतपणी डॉक्टर पोहोचले तर यावर इंजेक्शन आहे, पण हाती मिनिटंच असतात.

शेळ्या-मेंढ्यांचं तर आणखी गाफीलपणे चालतं. पावसानंतरच्या लुसलुशीत गवतावर सोडल्यावर कळपातलं सगळ्यांत गुटगुटीत कोकरू अचानक मरतं आणि लोक दृष्ट काढतात. तो आंत्रविषार, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा रोग, असतो. मूत्रपिंड हातात घेतलं तर पिकलेल्या फळासारखं पिचतं. जबड्याखाली पाण्याची थैली लोंबणाऱ्या मेंढीचं चौथं पोट उघडा, आत लाल-पांढऱ्या पिळाचे केसासारखे कृमी वळवळताना दिसतील. ते एकदा पाहिलं की पावसाळ्याआधीच्या जंतनाशकाचं महत्त्व कुणी पटवून द्यावं लागत नाही.

नमुने पाठवताना

डोळ्यांना दिसलं नाही म्हणजे कारण नाही असं नसतं. मग नमुने प्रयोगशाळेत जातात, आणि इथे चुका होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ऊतक पाहायचं तर अवयवाचा अर्धा सेंटिमीटर जाडीचा तुकडा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा लागतो, म्हणजे बाजारातल्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ. तुकड्याच्या दहापट द्रव हवा. मुठीएवढा यकृताचा गोळा बाटलीत कोंबून दिला तर बाहेरून टिकतो, आतून सडतो. जंतू वाढवून पाहायचे असतील तर उलट, फॉर्मॅलिनचा थेंबही नको, नमुना बर्फात हवा. फ्रीझरमध्ये कडक गोठवू नका, पेशी फाटतात. घटसर्पाचा संशय असून जनावर कुजलं असेल तर पायाचं नळीचं अख्खं हाड पाठवता येतं, मज्जेत जंतू टिकतात. गर्भपात झाला तर वार आणि वासरू उकिरड्यावर टाकू नका, उघड्या हाताने उचलूही नका. त्यातून माणसाला ब्रुसेलोसिस हा जंतूंचा रोग होतो. तेही तपासणीला जातं.

पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. पशुवैद्यक महाविद्यालयांत, म्हणजे मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे, विकृतीशास्त्राचे, म्हणजे रोगाने अवयवांत झालेले बदल तपासणारे, विभाग आहेत. या देशात जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी पहिली सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यातच सुरू झाली. तीच पुढे उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला गेली आणि आज बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. बुळकांडीने गावंच्या गावं ओस पडायची, त्या रोगाचा २०११ साली जगातून नायनाट झाल्याचं जाहीर झालं. त्यामागे लस होती, आणि लसीइतकंच 'कुठे मेलं, कशाने मेलं' हे गावोगाव शोधणंही होतं.

कोंबड्यांचं सांगायचं तर एक-दोन मेल्या तर ताज्याच, बर्फात ठेवून दाखवायला आणा. एकदम ढिगाने मरायला लागल्या तर एकही उघडू नका, शेडमधून काही बाहेर नेऊ नका, फोन करा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरात सापडला, तो भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने गेल्यावरच पक्का झाला होता.

काही जण कळवायला घाबरतात. गावाचं नाव होईल, बाजार बंद होईल असं वाटतं. ही भीती मी समजू शकतो, दुधावर घर चालतं. पण जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे अशा रोगांची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि दडवलेला रोग आठवड्यात शेजारच्या गोठ्यात दिसतोच. विमा असेल तर कानातला बिल्ला दिसेल असे फोटो काढा आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा. शवविच्छेदनाचा अहवाल लागतोच. काळपुळीच्या संशयामुळे जनावर कापलं नसेल तर डॉक्टरांकडून तसं लेखी घ्या.

जिवंत जनावरांसाठी एवढंच: घटसर्प आणि फऱ्याची लस मेमध्येच व्हायला हवी होती, कारण अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. राहिली असेल तर आजच करून घ्या, उशिरा का होईना. मानेवर गाठ येते, एखादा दिवस दूध कमी होतं, म्हणून लस नाकारू नका. काळपुळीची लस मात्र जिथे हा रोग पूर्वी झाला आहे तिथेच, डॉक्टर सांगतील तशी.

आणि खड्ड्याची जागा आत्ताच ठरवून ठेवा. एकदा चिखल झाला की जेसीबी वावरात शिरत नाही आणि मग जनावर नाल्यात ढकललं जातं. विहिरीपासून, ओढ्यापासून लांब, पाणी न साचणारी उंचवट्याची जागा बघा. खोली सहा फूट, वर चुना, त्यावर माती, भोवती काटेरी कुंपण. काळपुळी असेल तर शक्यतो जाळणं चांगलं, आणि पुरायचंच तर डॉक्टरांसमोर, अंगाखालच्या रक्ताळलेल्या मातीसकट. त्या जागेवर गुरं चरायला सोडू नका आणि तिथलं गवतही कापून आणू नका.